हरवला तरी चालेल असा चेंडू

गोल्फच्या दुकानात बसणाऱ्या बाईला भिण्यासारखं काय असतं, असं मध्यंतरी भावकीतल्या एका लग्नात एकीने मला विचारलं. आम्ही पंगतीला बसलो होतो, पानात वाढणं चालू होतं, म्हणून मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं, की जितकी वर्षं मी त्या दुकानात बसले तितकी वर्षं भीतच बसले. आता नोकरी सोडली आहे. परसात हापूसची चार कलमं आहेत, त्यांच्या बुंध्याशी जातानाही माझ्या हातात काठी असते.

आमच्याकडे समुद्राच्या डोक्यावर सडे आहेत. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसात त्यावर गवत आणि फुलं येतात, दिवाळीपर्यंत सगळं वाळून पिवळं पडतं आणि खालचा तांबडा कातळ डोकं वर काढतो. अशाच एका सड्यावर, विजयदुर्गला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, एका हॉटेलवाल्यांनी गोल्फचं छोटं मैदान केलं. बाहेरून माती आणली, पाणी खेळवलं, हिरवळीचे पट्टे तयार केले. पट्ट्यांच्या कडेची जागा मात्र जशी होती तशीच राहिली. कातळ, कातळाच्या फटी, करवंदीच्या जाळ्या, कमरेएवढं गवत. आणि त्यात फुरसी.

ज्यांना फुरसं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हातभर लांबीचा, जांभ्याच्याच रंगाचा साप. नाग निदान फणा काढतो, धामण पळून जाते. फुरसं दगडाखाली वेटोळं करून बसतं आणि अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करतं. सड्यावर वारा असतो, तो आवाज ऐकू येत नाही. माझी आतेबहीण काजू वेचताना फुरसं चावून गेली. आम्ही दोघी परकरातल्या होतो, टोपली माझ्या हातात होती. तिला आधी गावच्या भगताकडे नेलं, तिथून दुसऱ्या गावच्या भगताकडे. यापुढचं मला आजही सांगवत नाही.

मी आधी मडगावला खेळाच्या सामानाच्या दुकानात होते. बॅटी, कॅरम, फुटबॉल, आणि एका कपाटात गोल्फचं सामान, कारण गोव्यात ते घेणारे असायचे. आई आजारी पडली म्हणून गावी आले आणि सड्यावरच्या या दुकानात नोकरी मिळाली. काठ्या भाड्याने द्यायच्या, चेंडू विकायचे, टोप्या विकायच्या. काठ्या म्हणजे ज्याने चेंडू मारतात त्या. त्यांना दुसरं नाव आहे, पण आमचे माळी काठ्याच म्हणायचे, मीही तेच म्हणते. दुकानाला मोठी काचेची खिडकी होती आणि खिडकीतून पहिला पट्टा पूर्ण दिसायचा. ती खिडकी नसती तर माझी नोकरी सुखाची झाली असती.

लागल्यावर काही दिवसांतच एक नवं जोडपं आलं. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा काठी धरलेली. चेंडू तिरका उडून करवंदीत गेला आणि हा गृहस्थ गुडघ्यावर बसून जाळीत हात घालायला लागला. मी दुकान उघडं टाकून धावले, ओरडत धावले, आणि त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. साप आहेत इथे, असं मी त्याच्या बायकोदेखत सांगितलं. दुपारी दोघंही हॉटेल सोडून गेली.

संध्याकाळी व्यवस्थापकांनी मला बोलावलं. पुण्याचे होते, आवाज चढवणारे नव्हते. म्हणाले, "सुनंदाताई, लोक इथे सुट्टीला येतात. तुम्ही सापाचं नाव काढलंत की सामान बांधून गोव्याला जातात. आपण काळजी घेऊ, पण तो शब्द नको." त्यांनी खरंच काळजी घेतली. माळ्यांना गमबूट आणि लांब चिमटे आणून दिले, गाडी नेहमी हॉटेलच्या दारात तयार ठेवायला लावली, कडेला पाट्या लावल्या. पाट्यांवर लिहिलं होतं, 'कृपया हिरवळीवरच राहावे', आणि बाजूला फुलाचं चित्र. फुलाचं चित्र बघून कोण थांबणार?

शब्द काढायचा नाही, आणि माणूस गवतात जाऊ द्यायचा नाही. माझ्या हातात उरला फक्त चेंडू.

गोल्फचे चेंडू दिसायला सगळे सारखे. लिंबाएवढे, कडक, अंगभर खळगे. फरक असतो तो पोटात. मुरलेल्या खेळाडूचा चेंडू अनेक थरांचा आणि वरून नाजूक सालीचा असतो. त्याला गिरकी चांगली बसते, आणि ज्याला चेंडू कुठे पाडायचा ते कळतं त्याच्यासाठी ती गिरकी म्हणजे लगाम. नवशिक्याचा फटका मुळातच तिरका बसतो. मग तीच गिरकी चेंडूला आणखी तिरकं ओढत नेते, थेट गवतात. म्हणून नवशिक्याला दोन थरांचा साधा चेंडू द्यायचा. त्याची साल जाड असते, कातळावर आपटला तरी सोलत नाही, आणि भरकटतो कमी. त्यातही ज्याचा हात हळू फिरतो, म्हणजे वयस्क माणसं आणि नव्याने शिकणारे बरेच जण, त्यांना मऊ पोटाचा. कडक चेंडू त्यांच्या हातून उडत नाही, नुसत्या मनगटाला झिणझिण्या येतात.

रंगाचं वेगळंच. पांढरा चेंडू टीव्हीवर छान दिसतो. आमच्याकडे पाऊस सरता सरता सगळं हिरवं असतं तेव्हा नारिंगी चांगला. दसरा झाला की गवत पिवळं, दगड तांबडा, त्यात पिवळा चेंडू गवतात विरतो आणि नारिंगी जांभ्यात. तेव्हा गुलाबी. झगझगीत, बाजारातल्या बर्फाच्या गोळ्यासारखा गुलाबी. तो लांबून दिसतो, दिसला की चिमट्याने काढता येतो, चाचपडावं लागत नाही. पण गुलाबी पुढे केला की पुरुष गिऱ्हाईक आधी दुकानात आणखी कुणी आहे का ते बघून घेई.

आणि एक गोष्ट कुठल्याच डब्यावर छापलेली नसते. नवशिक्याचा चेंडू असा हवा की हरवला तर माणसाने 'जाऊ दे' म्हणावं. म्हणून माळ्यांनी शोधून आणलेले जुने चेंडू मी धुऊन टोपलीत ठेवायची आणि नव्या माणसाला आधी ती टोपली दाखवायची. व्यवस्थापक कधीकधी म्हणत, ताई, नवे डबेही विकायचे असतात.

एकदा हायवेवरच्या नांदगावला रस्त्याच्या कामावर असलेला एक ठेकेदार मुद्दाम आला. टोपलीकडे त्याने बघितलंही नाही. टीव्हीवरचे खेळाडू खेळतात तोच चेंडू पाहिजे म्हणाला. डबा घेतला आणि त्यातला एकेक चेंडू गवतात घालवला. प्रत्येक वेळी तो गवताकडे निघे आणि मी काही ना काही निमित्त काढून आडवी जाई. तिकडे उतार आहे, तिकडे काटे आहेत, आत गेलं तर नियमाने डाव बाद होतो. डाव बाद होतो हे मी तिथल्या तिथे रचलं. शेवटचा चेंडू गेल्यावर त्याने ऐकलं नाही, गुडघाभर गवतात शिरला, आणि बऱ्याच वेळाने पायाला काटे टोचून घेऊन परत आला. त्याला काहीही झालं नाही. मी मात्र ते महागाचे डबे त्याच दुपारी सगळ्यात खालच्या फळीवर हलवले.

अशी वर्षं गेली. कुणाला काही झालं नाही. आणि मग परब मास्तर आले.

मास्तर नांदगावच्या बाजूच्या एका गावचे, भातशेती आणि थोडी काजूची बाग असलेले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटेच. दर गुरुवारी सकाळच्या एसटीने यायचे, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, पायात साध्या चपला. उन्हाळ्याच्या तोंडी, पहिल्या दिवशी ते माझ्याशी ऑफिसात बोलावं तसं शुद्ध मराठी बोलले. "मला हा खेळ शिकायचा आहे. या वयात जमेल का?" मी मालवणीत उत्तर दिलं तेव्हा एकदम हसले आणि मग शेवटपर्यंत आमचं बोलणं मालवणीतच झालं.

मी त्यांना टोपलीतला मऊ गुलाबी चेंडू दिला. रंगाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. चित्रकलेचे मास्तर ते, उलट म्हणाले की या गवताच्या पिवळ्यावर हाच रंग उठून दिसेल. मला वाटलं, असं गिऱ्हाईक रोज यावं. पण त्यांनी चेंडू हातात घेऊन बघितला आणि हळूच टोपलीत परत ठेवला. पिशवीतून त्यांनी एक डबा काढला. आत पांढरेशुभ्र, महागातले, अनेक थरांचे चेंडू होते आणि प्रत्येकावर निळ्या अक्षरांत त्यांचं नाव छापलेलं होतं.

मुलाने पाठवले होते. मुलाचं नाव समीर, दुबईला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याचा एक फोटो मास्तरांनी मोबाइलवर बघितला होता, हिरवळीवर काठी घेऊन उभा असलेला. तो हा खेळ खेळतो म्हटल्यावर मास्तरांनी त्याच्याकडे चेंडू मागितले. डिसेंबरात तो सुट्टीला येणार होता, तोवर त्याला न सांगता त्यांना शिकून घ्यायचं होतं.

मी विचारलं, मुलाबरोबर खेळायचंच कशाला, घरी बसून गप्पा मारा. मास्तर काठीवर रेलून उभे होते. म्हणाले, "फोनार काय बोलूचा ता सुचना नाय गो. तो जेवलास काय विचारता, मी जेवलंय म्हणतंय. या खेळात चार तास एकामेकाच्या बाजूक चलूचा लागता. चलता चलता काय तरी सुचात."

त्या दिवसापासून गुरुवारी ते आले की मी खिडकी सोडत नसे. कारण मास्तरांचा फटका तिरका बसायचा, तो चेंडू भरकटणारा होता, आणि त्यावर नाव होतं. ते एकही चेंडू सोडत नसत. बाकीच्यांपासून मला तो शब्द लपवावा लागे. मास्तरांपासून काय लपवायचं होतं? त्यांच्या वडिलांना फुरसं चावलं होतं, तेही त्यांनीच मला सांगितलं. तरी ते काठीने गवत झोडपत आत जायचे, चेंडू घेऊन यायचे आणि खिडकीकडे बघून तो मला उंच करून दाखवायचे. मी त्यांच्यासाठी गमबूट काढून ठेवले होते, ते त्यांना मोठे व्हायचे म्हणून एकदोनदा घालून परत केले. माळ्याला चिमटा घेऊन त्यांच्यामागे पाठवलं तर ते त्याला चहाला पाठवून द्यायचे. मी म्हटलं, निदान शिकेपर्यंत गुलाबी खेळा, पांढरे समीरसाठी ठेवा. ते म्हणाले, "तू लय भियतस गो, सुनंदा." मग चेंडू सदऱ्याला पुसत म्हणाले, "मीय भियतंय. पण तेना नाव घालून पाठवल्यान, मगे टाकून कसा येव?"

ऑक्टोबरातली ती सकाळ. ऊन इतकं कडक की कातळावरून हवा थरथरताना दिसत होती. पहिल्याच फटक्याला चेंडू उजवीकडे गेला, एका मोठ्या दगडावर आपटला आणि त्याच्या पलीकडे पडला. मास्तर गेले. मी काउंटरवर एका गिऱ्हाइकाला टोपी दाखवत होते, पण माझं लक्ष खिडकीकडेच. मास्तर दगडाआड वाकले. मग दिसेनात. मी टोपी हातातच धरून दारापर्यंत गेले.

ते गवतातून बाहेर आले आणि सावकाश, अगदी सावकाश चालत दुकानाकडे यायला लागले. धावले नाहीत, हाका मारल्या नाहीत. दुकानात आले, डाव्या हातातला चेंडू काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "बाय, माका फुरसां चावला."

उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर दोन बारीक ठिपके होते. सुईने टोचल्यासारखे. एवढंच.

मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी किंचाळेन. तसं झालं नाही. हात आपोआप चालायला लागले. त्यांना खुर्चीत बसवलं. बोट सुजायच्या आत साबण लावून अंगठी काढली, घड्याळ काढलं. कापडाने हात लाकडी पट्टीला सैल बांधला, हलू नये म्हणून. माळी धावत आला होता, त्याने दोरी आणली होती करकचून बांधायला, ती मी घेऊन बाजूला ठेवली. ते बांधायचं नसतं, कापायचं नसतं, चोखायचं नसतं. इतकी वर्षं मी हेच वाचत आले होते. व्यवस्थापकांनी गाडी दाराशी आणली. गाडी चालू असतानाच ते खिशात चावी शोधत होते, ते मी बघितलं. त्यांनाही माझ्याइतकीच भीती वाटते हे मला त्या क्षणी कळलं.

मागच्या सीटवर मास्तरांना धरून मी बसले. हात मनगटापर्यंत फुगला होता, आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याला ते डोळे मिटून घेत होते. पुढे रस्त्याला तिठा लागतो. एक रस्ता सरकारी दवाखान्याकडे जातो, दुसरा नांदगावकडे, मास्तरांच्या गावावरून. तिठा दिसायला लागला तसे मास्तर सरळ बसले.

"गाडी गावाकडे वळवूक सांग," ते म्हणाले. "आमच्या वाडीत सापावर मुळी देणारो आसा. माझ्या बापाशीक तेंच्याच घराण्यान वाचवल्यान."

व्यवस्थापकांना मालवणी सगळी कळत नव्हती, पण 'वळवूक' कळलं. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. गाडी हळू झाली.

लोकांना वाटतं की अशा वेळी माणसाला बरोबर काय ते ठाऊक असतं. मला ठाऊक होतं, आणि तरीही धीर होत नव्हता. चावलं त्यांना होतं, हात त्यांचा, जीव त्यांचा, आणि त्यांचे वडील खरोखरच वाचले होते. सगळीच फुरसी दर वेळी पुरतं विष सोडत नाहीत, त्यामुळे मुळी घेऊनही माणसं वाचतात, आणि वाचलेला माणूस मुळीचं नाव सांगतो. न वाचलेल्याला काही सांगता येत नाही. मी नाही म्हटलं आणि दवाखान्यात त्यांचं काही झालं तर त्यांच्या गावाला, त्या दुबईतल्या मुलाला मी काय सांगणार होते?

मास्तरांनी माझ्याकडे तोंड वळवलं, आणि मला त्यांच्या दातांच्या कडेला रक्त दिसलं. हिरड्यांतून येत होतं. आतेबहिणीच्या हिरड्यांतून असंच आलं होतं.

"मास्तरानू, गाडी वळवूची नाय," मी म्हटलं. "सरळ जातली."

ते माझ्याकडे बघत राहिले. शाळेतल्या एखाद्या पोरीने उलट उत्तर द्यावं तसं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी मान मागे टेकली आणि एवढंच म्हणाले, "समीराक सांगू नको. तो भियातलो."

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी काचेच्या छोट्या नळीत मास्तरांचं रक्त घेतलं आणि ती नळी टेबलावर उभी करून ठेवली. मी विचारलं तेव्हा समजावून सांगितलं की चांगलं रक्त थोड्या वेळात नळीत घट्ट होतं, विष भिनलं असेल तर होत नाही. थोड्या वेळाने त्यांनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

लगेच सापाच्या विषावरची लस सलाइनमधून सुरू झाली. पहिल्यांदा मास्तरांना थंडी वाजून आली, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. त्यावर आणखी इंजेक्शनं दिली, सलाइन थांबवलं, परत सुरू केलं. मला बाहेर बसायला सांगितलं होतं. बाकावर बसून मी एकच विचार करत होते, की वळवायला हवी होती का गाडी? आपणच त्यांना इथे मरायला आणलं का?

त्याच बाकावर बसून मी मास्तरांच्या मोबाइलवरून समीरला फोन केला. मास्तरांनी नको म्हटलं होतं तरी केला. साप चावला म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, कुठे चावला? मी म्हटलं, गोल्फच्या मैदानावर.

"मैदानावर बाबा कशाला गेले होते?"

"खेळायला. दर गुरुवारी येतात. तुम्ही पाठवलेल्या चेंडूंनी खेळतात."

तो म्हणाला, "मला वाटलं, कपाटात ठेवतील. लोकांना दाखवतील. म्हणून नाव घातलं होतं."

उन्हं उतरली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त घेतलं. या वेळी मी आत होते. नळी टेबलावर उभी होती आणि मी तिच्यासमोर. तिच्याकडे बघू नये असं वाटत होतं आणि दुसरीकडे बघवत नव्हतं. मास्तर गुंगीत होते. व्यवस्थापक दाराशी उभे, सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. बाईंनी घड्याळ बघितलं, नळी उचलली आणि तिरकी केली. मग आडवी केली. मग पूर्ण उलटी केली.

रक्त जागचं हललं नाही. नळीच्या तळाशी घट्ट बसून राहिलं.

व्यवस्थापक बाहेर गेले, आणि मी खिडकीतून बघितलं तर गाडीला टेकून, चेहऱ्यावर रुमाल धरून उभे होते.

दुसऱ्या दिवशी समीर आला. उंच, वडिलांसारखाच कमी बोलणारा. मास्तरांचा जीव वाचला होता, पण बोट काळं पडत चाललं होतं, ते पुढे मोठ्या इस्पितळात अर्धं काढावं लागलं. त्याने मला पहिलाच प्रश्न असा विचारला की बाबा या वयात हा खेळ का शिकत होते. मास्तर मला काठीवर रेलून जे बोलले होते ते मी त्याला सांगितलं. जसंच्या तसं, मालवणीत. त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "मला येत नाही हो हा खेळ. ऑफिसने एकदा सगळ्यांना नेलं होतं, तेव्हा फोटो काढला. बाबांनी विचारलं, खेळतोस का? मी हो म्हटलं. ते खूश झालेले वाटले, म्हणून तसंच राहू दिलं."

बोलण्यासारखं ओठावर बरंच आलं होतं. पण त्याच्या हातात वडिलांच्या चपला होत्या, दवाखान्याच्या दारातून उचलून आणलेल्या, आणि त्या कुठे ठेवाव्यात हे त्याला सुचत नव्हतं.

डिसेंबरच्या सुमारास एका सकाळी दोघं सड्यावर आले. मास्तर बारीक झाले होते, उजव्या हाताला पट्टी होती. त्यांना दारात बघून मला आनंद व्हायला हवा होता. पण माझी नजर आधी त्यांच्या पायांकडे गेली, पुन्हा त्याच चपला. समीर काउंटरशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "नवशिक्याला कुठला चेंडू द्याल?"

"मास्तरांना आता काठी धरवेल?" मी विचारलं.

"बाबांना नाही," तो म्हणाला. "मला."

मी टोपली पुढे ओढली. मऊ पोटाचे, दोन थरांचे, जाड सालीचे, गुलाबी. मूठभर काढून दिले. त्याने रंग बघितला आणि सगळे खिशात भरले. मी मास्तरांना विचारलं, तुम्ही? ते म्हणाले, "माका चेंडू नको. मी नुसतो चलतलंय."

गमबूट मी दोघांनाही घालायला लावले. मास्तरांनी या वेळी ते मोठे होतात असं म्हटलं नाही.

मग ते दोघे पहिल्या पट्ट्यावर गेले आणि मी खिडकीशी. समीरचा फटका वडिलांपेक्षाही तिरका. चेंडू गेला तो थेट करवंदीत. मी दाराकडे निघालेच. समीरने तिकडे बघितलं, मास्तरांनी बघितलं. दोघांपैकी कुणीही तिकडे पाऊल टाकलं नाही. समीरने खिशातून दुसरा काढला. तोही गेला. पुढच्या वळणानंतर ते दोघे मला दिसेनासे झाले, आणि तेवढा वेळ मी एकाही गिऱ्हाइकाशी धड बोलू शकले नाही. एका बाईंना टोपीऐवजी हातमोजा दिला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते परतले. दोघेही धुळीने माखलेले, समीरचे दोन्ही खिसे रिकामे. मास्तर पट्टीचा हात हवेत हलवत काहीतरी सांगत होते, बहुतेक त्याच्या लहानपणचं, कारण मध्येच समीर थांबला आणि म्हणाला, "हे मला कधीच कुणी सांगितलं नाही." मास्तर म्हणाले, "तू इचारलंस खंय?" आणि पुढे सांगतच राहिले.

बूट परत करायचे राहिले. दुकानाच्या दारावरून ते बोलत बोलत गेले, थांबले नाहीत. मीही हाक मारली नाही.